यादीतला अनोळखी माणूस

२० जानेवारी २००९, नाशिक

आणीबाणीत अकरा महिने तुरुंगात होते तेव्हा वहीत फक्त हवामान लिहायची, कारण वही तपासली जायची. आता कोणी तपासत नाही. पण मोठं काम निघालं की वही काढायची सवय राहिली आहे. आज काढली, कारण आपली वेबसाइट हलवायची आहे.

भाषणात मी 'वेबसाइट' म्हटलं की सुरगाण्याकडची माणसं हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. आमच्या डोंगर हक्क मंचाने दोन वर्षं पाड्यापाड्यावर फिरून तीनशे शहाऐंशी म्हाताऱ्या माणसांच्या जबान्या घेतल्या. हे शेत कुणी फोडलं, कधीपासून कसतात, बांधावरचा आंबा कुणी लावला. वनजमिनीच्या दाव्याला अशी जबानी पुरावा म्हणून चालते. वह्या सुरगाण्याच्या खोलीत एका पेटीत होत्या. गेल्या पावसाळ्यात वाळवी लागली, आणि पेटी उघडली तेव्हा कागदाची माती झाली होती. धनराजने सगळ्या जबान्या आधीच टाइप करून साइटवर चढवल्या होत्या, म्हणून वाचल्या. जबानी देणाऱ्यांतली एकतीस माणसं आता नाहीत. लंकाबाई नाही, धोंडीराम नाही. त्यांना पुन्हा कोण विचारणार? १७ फेब्रुवारीला कळवणला सुनावणी आहे. त्याआधी सगळं छापून, ग्रामसमितीचे शिक्के मारून सादर करायचं.

आजवर पुण्याच्या एका प्राध्यापकांनी त्यांच्या सर्व्हरवर आम्हाला जागा दिली होती. ते मशीन महिनाअखेर बंद होणार. नवी जागा मुंबईच्या एका कंपनीकडे, माझ्या नावावर घेतली आहे.

धनराज आज येऊन समजावून गेला. धनराज म्हणजे मोतीराम गावितचा मुलगा. मोतीराम माझ्या प्रत्येक मोर्चात पुढे असायचा, नऊ वर्षांपूर्वी गेला. हा बत्तीस वर्षांचा, कॉलेज रोडला कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरी करतो आणि मंचाचं काम सुट्टीच्या दिवशी करतो. कमी बोलतो. कमी बोलणाऱ्या माणसाचा मला अंदाज लागत नाही.

"ताई, साइट म्हणजे ओटा," तो म्हणाला. "लोक येऊन ओट्यावर बसतात. दाणे आत कणगीत असतात, ती कणगी म्हणजे डेटाबेस. ओट्याकडे चार ओळींची एक चिठ्ठी असते. कणगी कुठल्या घरात आहे, तिचं नाव काय, कुणाच्या नावाने उघडायची, आणि चावी. घर बदललं की चिठ्ठी बदलायची. चारपैकी एक ओळ चुकली तरी ओट्यावर दाणा येत नाही."

उपमा चांगली आहे. भाषणात वापरीन.

पुढेही तो बरंच सांगत होता. दुकानाला कुठल्याशा बिल्डरची साइट मिळाली आहे, ती त्याच्याच गळ्यात पडली आहे, वगैरे. माझ्या डोक्यात सव्वीस जानेवारीचं भाषण होतं. जाताना एक सीडी दिली. "हलवण्याआधी सगळ्याची नक्कल घ्यायची असते. एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे." ती कपाटात टाकली. मग उंबऱ्यात थांबून म्हणाला, "आणि ताई, कुठलाच पासवर्ड बदलू नका. बदललात तर मला सांगा."

हे मात्र मनात अडकलं. घर माझ्या नावाचं, आणि कुलूप बदलू नका म्हणून मला सांगणारा हा कोण?

२३ जानेवारी

साइट हलवली. सकाळी उघडली तर पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती, डेटाबेसशी जोडणी होत नाही. तीनशे शहाऐंशी माणसं एका ओळीमागे गडप.

धनराजला दुकानात फोन केला. "ताई, घाबरू नका. जुन्या जागी ओटा आणि कणगी एकाच घरात होती. या कंपनीने कणगी वेगळ्या मशीनवर ठेवलीय. म्हणजे पहिली ओळ चुकली. आणि कणगीच्या नावामागे त्यांनी स्वतःचं एक शेपूट जोडलंय. म्हणजे दुसरी पण चुकली."

"हे तुला आधी माहीत नव्हतं?"

"चालू केल्यावरच कळतं, ताई."

दुपारी साइट उघडली. सर्वांत आधी लंकाबाईची जबानी काढून वाचली. 'माझ्या सासऱ्यानं कुऱ्हाड नाय लावली आंब्याला. आंबा आधीचा हाय, आम्ही मागून आलो.' नव्वदीची बाई होती.

तरी एक प्रश्न उरतोच. इतक्या झटपट ज्याला दार उघडता येतं, त्याला ते तितक्याच झटपट लावताही येत असणार.

२६ जानेवारी

भाषण उत्तम झालं. विषय फितुरीचा इतिहास. किल्ला तोफेने पडत नाही, आतला माणूस दिंडीचं दार उघडतो तेव्हा पडतो, या वाक्याला टाळ्या थांबेनात.

परतताना कॉलेज रोडला रिक्षा सिग्नलला थांबली आणि समोरच्या पांढऱ्या गाडीतून धनराज उतरला. गाडी मी ओळखते. ती किशोरशेठची. सुरगाण्याच्या माथ्यावर रिसॉर्ट काढायला निघालेला हा माणूस, आणि त्याच्या रस्त्यात आमच्या एक्केचाळीस दावेदारांची शेतं आडवी. दावे फेटाळले गेले तर त्याचा रस्ता मोकळा. शेठ खिडकीतून हात हलवत होता, आणि धनराजनेही हलवला.

त्याने मला पाहिलं नाही. मी रिक्षावाल्याला म्हटलं, चल.

२७ जानेवारी

आमच्या वेळचा नियम साधा होता. एखादा साथी पकडला गेला किंवा नको त्या माणसाबरोबर दिसला, की त्याला माहीत असलेला प्रत्येक पत्ता त्याच दिवशी बदलायचा. रागाने नाही, चौकशीही करायची नाही. नुसतं कुलूप बदलायचं. या नियमाने आमची सात माणसं बाहेर राहिली.

आज सकाळी नऊ ते अकरा, वीज जाण्याआधी, तोच नियम पाळला. कंपनीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शिरले. कोणाच्या मदतीशिवाय! इमेलचा पासवर्ड बदलला, पॅनेलचा बदलला. मग एक-एक पान उघडत गेले आणि जिथे 'बदला' असं दिसलं तिथे बदलत गेले.

एका पानावर हबकले. वापरकर्त्यांची यादी होती, आणि यादीत एकच नाव, मी कधीही न ऐकलेलं: 'डोंगरवेब'. त्याच्यापुढे लिहिलेलं, सर्व अधिकार. वाचायचा, लिहायचा, पुसायचासुद्धा! माझ्या नावाच्या घरात हा सर्वाधिकारी कोण बसवून ठेवला आहे? मी बसवलेला नाही. म्हणजे कुणी बसवला ते उघड आहे.

काढून टाकणार होते. मग वाटलं, पुरावा राहू दे. त्याचाही पासवर्ड बदलला. बस म्हणावं आता बाहेर.

नवे शब्द कुठेही लिहिलेले नाहीत. डोक्यात आहेत. कित्येक दिवसांनी शांत वाटलं.

२८ जानेवारी

साइट बंद. या वेळी ओळ वेगळी आहे, 'डोंगरवेब'ला प्रवेश नाकारला.

वाचून मी खुर्चीतच ताठ झाले. म्हणजे तो आत शिरायला पाहत होता! रात्रीतून, पहाटे, कोण जाणे किती वेळा. मी कुलूप बदललं म्हणून अडला आणि अडल्यावर सूड म्हणून साइटच पाडून गेला.

धनराजचा फोन दहा मिनिटांत आला. "ताई, साइट पडलीय. चौथी ओळ चुकतेय असं दिसतंय. कुणी पासवर्ड बदलला का?"

कोठडीतला पहिला धडा: प्रश्न विचारणाऱ्याला तुम्हाला काय माहीत आहे ते कळू द्यायचं नाही.

"कशाला बदलेल कोणी?" मी म्हटलं.

"नाय बदलला?"

"मी सांगितलं ना."

त्याने कीबोर्डवर काहीतरी बडवून पाहिलं. मग म्हणाला, "मग कंपनीने काहीतरी केलं असेल. बघतो." घाबरल्यावर त्याच्या तोंडून 'नाय' येतं, एरवी शहरासारखं बोलतो. हे मी टिपून ठेवलं आहे.

३१ जानेवारी

पुण्याचं मशीन आज बंद झालं. आता जबान्या फक्त नव्या जागी, आणि तिथे पांढरा पडदा.

धनराज दोनदा येऊन गेला. पॅनेल उघडत नाही म्हणतो. कंपनीला त्याने फोन लावला, तर ते म्हणाले, खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशीच बोलू. "ताई, तुम्ही एकदा फोन करा. किंवा त्यांची मेल आली असेल, तिला हो म्हणा. बाकी मी करतो."

मेल आली आहे खरी. तुमच्या खात्यात शिरण्याचा अकरा वेळा प्रयत्न झाला, तो तुम्हीच केला का, अशी. अकरा वेळा! आणि हा गृहस्थ मला म्हणतो, हो म्हणा.

मी म्हटलं, "मेल आली नाही."

"स्पॅममध्ये बघा ना, ताई. सुनावणीला सतरा दिवस राहिलेत."

"मला तारीख माहीत आहे, धनराज. तुला कशाची घाई आहे ते कळत नाही."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की क्षणभर मोतीरामच समोर उभा आहे असं वाटलं. पण चेहरा बापाचा असला म्हणून माणूस बापाचा होत नाही. इतिहास अशा मुलांनी भरला आहे.

४ फेब्रुवारी

रावजी सुरगाण्याहून आला. वीस वर्षं तो आमचा तिथला पूर्णवेळ कार्यकर्ता. चहा बशीत ओतत सहज म्हणाला, "साइट नसली तरी लय घोर नाय, ताई. धनराजकडं समद्यांची शीडी हाय. परवा बोलला."

मी कप खाली ठेवला. "सगळ्यांची? त्याच्याकडे? घरी?"

"घरीच असंल. आन् कुठं?"

"त्याला कुणी दिली?"

"कोन देनार? त्यानंच केली."

म्हणजे हे असं आहे. आमच्या तीनशे शहाऐंशी माणसांच्या जबान्या सीडीवर भरून तो घरी घेऊन बसला आहे. कुणाच्या शेताला कुठला पुरावा आहे आणि कुणाचा कच्चा आहे, हे सगळं किशोरशेठला एका ताटात वाढता येईल. मूळ बंद पाडायचं आणि नक्कल विकायची.

रावजीला गाडीचं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "शेठच्या सायटच्या कामाला दुकानवालाच धाडतो त्याला. आसं आयकलं."

रावजी भोळा आहे. म्हणूनच वीस वर्षं टिकला.

७ फेब्रुवारी, सुरगाणा

दिंडोरी, वणी, बोरगाव, जीपमध्ये चौदा माणसं. बाजाराचा दिवस. पंचायतीसमोरच्या चौथऱ्यावर माइक लावला होता. मी चाळीस मिनिटं बोलले. आयुष्यातल्या चांगल्या भाषणांपैकी एक.

नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. किल्ल्याची गोष्ट सांगितली. मग म्हटलं, "आज किल्ला दगडाचा नाही, तुमच्या आज्या-पणज्यांच्या शब्दांचा आहे. आणि दिंडीची चावी आपण ज्याच्या हातात दिली, ज्याला आपण यंत्रासमोर बसवलं, तो आज कुणाच्या पांढऱ्या गाडीतून उतरतो?" सगळा बाजार थांबला होता. नागलीचं माप अर्धं भरून हातात धरलेली माणसं. टाळ्या झाल्या नाहीत, पण ती शांतता टाळ्यांपेक्षा मोठी होती.

पुढच्याच रांगेत झुंबरबाई बसली होती, धनराजची आई. नेहमी माझ्या भाषणाला पुढे बसते. पांढऱ्या गाडीच्या वाक्याला ती उठली. वालाची पाटी तशीच ठेवून गर्दीतून सरळ निघून गेली. शेजारच्या बाया पाटीकडे पाहत राहिल्या. ते वाल नंतर कोणी उचलले नाहीत, की विकत घेतलेही नाहीत.

वाईट वाटलं. पण सत्याची किंमत आईलाही मोजावी लागते.

परत येताना जीपमध्ये रावजी माझ्याशी एक शब्द बोलला नाही. दमला असेल.

८ फेब्रुवारी

धनराजचा फोन बंद. गुन्हेगार सर्वांत आधी फोन बंद करतो.

१० फेब्रुवारी

नव्याने जबान्या घेता येतील का याचा हिशेब मांडला. सात दिवस, बावीस पाडे, तीन कार्यकर्ते. जास्तीत जास्त नव्वद होतील. आणि एकतीस कधीच होणार नाहीत. ओसरीवर लंकाबाई हातात तांदूळ घेऊन बोलत होती, एक-एक दाणा बाजूला ठेवत, एक-एक पावसाळा मोजत. मी समोर बसले होते. मला त्यातलं काय आठवतं? आंबा. फक्त आंबा.

आज जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी

जे झालं ते झालं तसं लिहिते. सकाळपासून दोनदा लिहून पान फाडलं आहे.

माझी जुनी विद्यार्थिनी मंगला, तिची मुलगी निकिता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, बाळंतपणाला नाशिकला आली आहे. तिला बोलावलं. आठव्या महिन्यात जिना चढून आली, खुर्चीत बसून धाप टाकली आणि म्हणाली, "मावशी, आधी पाणी. मग गुन्हेगार."

पासवर्ड तिला दिले. ती परकी होती, म्हणून देता आले. तिने पॅनेल उघडलं, मग साइटची कुठलीशी फाईल.

"हं. ही चिठ्ठी."

"चार ओळींची?" मी विचारलं.

"तुम्हाला माहीतय की! घर बरोबर. नाव बरोबर. वापरकर्ता 'डोंगरवेब', बरोबर..."

"तोच!" मी उठलेच. "तोच तो घुसलेला माणूस. सर्व अधिकार घेऊन बसलाय."

निकिता माझ्याकडे पाहू लागली. "मावशी, हा माणूस नाहीये."

"मग कोण आहे?"

"ही तुमची साइट आहे. साइटला आतून जबान्या आणायच्या तर तिला स्वतःचं नाव नि स्वतःची चावी लागते ना? ती याच नावाने आत जाते. तिला अधिकार नकोत?" तिने आणखी एक पान उघडलं. "आणि हिची चावी बदललीय. सत्तावीस जानेवारी, सकाळी दहा चाळीस. चिठ्ठीत मात्र जुनीच आहे. बिचारी तेव्हापासून दार वाजवतेय आणि कोणी उघडत नाहीये. कोणी बदलली?"

मी उत्तर दिलं नाही. कोठडीतला धडा म्हणून नव्हे. सत्तावीसची सकाळ, नऊ ते अकरा, माझ्याच वहीत लिहिलेली होती.

"ज्यांनी साइट हलवली त्यांना विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं नाही का, पासवर्ड बदलला म्हणून?"

"विचारलं होतं."

"मग?"

"पाणी आणू का अजून?" मी म्हटलं.

तिने मला चौथी ओळ दाखवली आणि नवा शब्द माझ्याकडूनच टाइप करून घेतला. साइट उघडली. तीनशे शहाऐंशी. कुणीही काही पुसलेलं नव्हतं, चोरलेलं नव्हतं. आत शिरायचे ते अकरा प्रयत्न धनराजचे, आमचंच दार उघडण्यासाठी.

ती गेल्यावर कपाट उघडलं. सीडी तिथेच होती, भाषणांच्या कात्रणांखाली. वर त्याच्या अक्षरात: 'सगळ्या जबान्या. ताईंची प्रत.'

१४ फेब्रुवारी

धनराजचा फोन अजून बंद. पेठ रोडला त्याच्या घरी गेले. कुलूप. शेजारीण म्हणाली, "गावाला गेलेत. आईला बरं नाही म्हणे." मग माझ्याकडे नीट पाहून, "तुम्ही भाषणवाल्या ना?"

हो म्हटलं.

ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

१७ फेब्रुवारी, कळवण

दोन दिवस रावजी आणि मी छापत होतो, शिक्के गोळा करत होतो. बावीसपैकी सोळा गावांनी मुकाट्याने मारून दिले, सहा गावांचे मिळाले नाहीत. त्या सहा गावांत म्हणत, 'आमी दिला ना शिक्का, मागल्याच आठवड्याला.' मी म्हणत होते, कुणाला दिला? तर सांगत नव्हते. रावजी खाली पाहत होता. शंका आली, पण माझ्याच शंकेला आता मी उभं राहू देत नव्हते.

सकाळी साडेदहाला गठ्ठा टेबलावर ठेवला. लिपिकाने वरचा कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बाई, हे तर आलंय."

"काय आलंय?"

"हेच. तीनशे शहाऐंशी. गाववार लावलेलं, शिक्क्यांसकट. चांगलं काम आहे." त्याने कपाटातून गठ्ठा काढला. प्रत्येक गावाला वेगळा पुठ्ठा, पुढे अनुक्रमणिका. माझ्या गठ्ठ्याला सुतळी होती.

"कोणी दिलं?"

त्याने नोंदवही माझ्याकडे वळवली. बारा फेब्रुवारी. सादर करणार: झुंबरबाई मोतीराम गावित, डोंगर हक्क मंच. पुढे निळा अंगठा.

मी सात तारखेला बोलले. आठला त्याचा फोन बंद झाला. आठ ते बारा, पाच दिवसांत त्याने घरच्या सीडीवरून सगळं छापलं आणि बावीस गावं फिरून शिक्के घेतले. ज्या गावांनी माझं भाषण ऐकलं होतं, त्याच गावांत. पहिल्या दारात त्याला काय ऐकून घ्यावं लागलं असेल! म्हणून सोबत आईला घेतलं असणार. आणि सादर करताना स्वतःचं नाव लावलं नाही. माझ्या भाषणानंतर त्याच्या नावाने कागद बाटले असते.

सुनावणीत जबान्या दाखल करून घेतल्या. लंकाबाईची पूर्ण वाचली गेली, तांदळाच्या दाण्यांसकट. पावसाळे एकाहत्तर होते. बाहेर आल्यावर रावजीला म्हटलं, "तुला माहीत होतं."

"व्हय."

"सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं नाय, ताई," रावजी म्हणाला. मग थोडं थांबून, "आन् सांगितलं आसतं तर तुमी म्हनला आसता, रावजी भोळा हाय."

२१ फेब्रुवारी, सुरगाणा

बाजार. तोच चौथरा, तोच माइक. जीपमध्ये भाषण मनात जुळवलं होतं. सुरुवात, मध्य, शेवट. चौथऱ्यावर चढले तर पुढची रांग रिकामी. झुंबरबाई खाली तिच्या जागेवर, वालाची पाटी पुढे घेऊन, पाठ माझ्याकडे करून.

जुळवलेलं सगळं सोडून दिलं. "फितूर कोणी झालं नव्हतं," मी म्हटलं. "कुलूप मी बदललं. विसरले नव्हते, लपवलं. आणि चोर म्हणून धनराज मोतीराम गावितला तुमच्यासमोर उभं केलं. जबान्या त्याने वाचवल्या. दोनदा वाचवल्या. एकदा वाळवीपासून आणि एकदा माझ्यापासून."

मागून एक म्हातारा ओरडला, "मंग ती सायट कोनी पाडली?"

"मी."

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. हसू दिलं. मला आणखी बोलायचं होतं, विश्वासावर, चळवळीवर, एक चांगलं वाक्य ओठावर आलंच होतं, तोवर झुंबरबाई जागेवरूनच, मागे न वळता, म्हणाली, "झालं का बोलून?"

माइक नसताना तिचा आवाज सगळ्या बाजारात ऐकू गेला.

मी खाली उतरून तिच्यासमोर उभी राहिले. ती माझ्या पायांकडे पाहत होती. "माझ्या पोराला येकदा इचारलं आसतं. त्यानं तुला इचारलं व्हतं ना?"

"हो."

"तवा तू काय सांगितलं?"

"खोटं सांगितलं."

तिने पाटी जरा सरकवली. बाजूला पोत्याची घडी होती, ती पसरली. "बस हितं. बाजार उठंस्तवर बस. समद्यांनी बघू दे. आन् बोलायचं नाय."

मी बसले. साडेअकरा वाजले होते.

लोक येत होते. आधी मला पाहायचे, मग तिला, मग वाल विचारायचे. एकीने मला मुद्दाम नमस्कार केला. मी हात जोडले, तोंड उघडलं नाही. ऊन डोक्यावर आलं, तशी झुंबरबाईने पदराखालची भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. नागलीची, वर तिखट. तीही गप्प खाल्ली. इतका वेळ न बोलता मी तुरुंगातही बसले नव्हते. दोन वाजेपर्यंत मनात भाषणं येत राहिली. मग यायची थांबली आणि वालाचा भाव पाठ झाला.

चार वाजता पाटी रिकामी झाली. आईला न्यायला धनराज आला, मोटरसायकल ढकलत. मला पोत्यावर पाहून थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं.

त्याने आईकडे पाहिलं. आईने रिकामी पाटी झटकली.

"ताई," तो म्हणाला, "चहा घेणार?"

मी झुंबरबाईकडे पाहिलं. बाजार अजून पुरता उठला नव्हता. मी नुसती होकाराची मान हलवली.